सहा थेंबांचा मानकरी

मी एक ड्रॉपर. काचेची बोटभर नळी आणि डोक्यावर लाल रबरी टोपी, एवढाच माझा संसार. औषधाच्या बाटलीसोबत खोक्यातून आलो, तेव्हा आपल्याला कोणी ओळखेल असं वाटलं नव्हतं.

१९७९ साली वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी अल्लीपूरच्या गुलाबच्या हाती पडलो. तिची मुलगी भागीरथा आठव्या महिन्यातच जन्मली होती. वजन जेमतेम दीड किलो. महिनाभर दवाखान्यात राहून ती आता घरी निघाली होती.

नर्स अन्नपूर्णाबाईंनी मला उंच धरलं. "पोटातले शेवटचे दिवस हिचे बुडाले. हाडं भरायचं काम अर्धंच राह्यलं. हे जीवनसत्त्वाचे थेंब नाई देल्ले त मुडदूस होते, पाय वाकतात. रोज सहा थेंब. चुकू नका."

गुलाबची सासू देवकाबाई पुढे सरकली. "बारा देल्ले त लवकर गुटगुटीत होईन ना?"

"वरणात मीठ ज्यादा झालं त तुम्ही खाता का, आजी?"

देवकाबाईनं बोटांवर सहा मोजून पाहिले. मी तर फुगलोच. सहा म्हणजे सहा, आणि ते मोजणारा मी!

घरी रोज सकाळी माझा थाट असे. गुलाब मला उकळत्या पाण्यातून काढायची, देवकाबाई धान्य मापल्यासारखी, एकाच्या जागी शुभाचा 'लाभ' म्हणत मोजायची, "लाभ, दोन, तीन..." भागीरथा चिमणीसारखं तोंड उघडायची.

दीड महिना गेला आणि एका सकाळी मी पळवला गेलो. चोर घरचाच होता. गुलाबचे सासरे किसनराव गावभराचे अर्ज लिहून देत. पेनात शाई भरताना त्यांचे हात निळे होत. मी त्यांच्या नजरेस पडलो, आणि क्षणात शाईच्या दौतीत बुडालो. माझी टोपीसुद्धा आतून निळी झाली.

गुलाबनं डबे उपसले, अंथरुणं झटकली. शेवटी सासऱ्यांच्या हातात मी दिसलो. लग्नानंतरच्या पाच वर्षांत ती त्यांच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरत ती दारातच उभी राहिली.

"एक दिवस चुकला त का होते?" किसनराव पुटपुटले. "चमच्यानं दे."

"चमच्यानं मोज नाई लागत, मामाजी." ती दारातून हलली नाही. "तुमचा अर्ज उद्या गेला तरी चालते. इचे हाडं उद्यावर नाई ठेवता येत."

देवकाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. किसनरावांनी बायकोकडे पाहिलं.

"मले काऊन पाहून राह्यले?" देवकाबाई म्हणाली. "बरोबर बोलली ते. उठा!"

किसनराव उठले. भर उन्हात एस.टी.नं हिंगणघाटला गेले आणि दिवस मावळायच्या आत नवा ड्रॉपर घेऊन आले. खबरदारी म्हणून दोन आणले. त्या दिवसाचे सहा थेंब संध्याकाळी झाले, पण झाले.

माझी बदली कायमची शाईखात्यात झाली. रुसलो होतो थोडा. पण फळीवरून सगळं दिसायचं. वर्ष उलटलं तरी भागीरथा चालेना. शेजारणी कुजबुजू लागल्या, तशी गुलाब तिच्या नडग्यांवरून हात फिरवत बसायची. मीही कासावीस. सव्वा वर्षाची झाल्यावर एकदा पोरगी किसनरावांच्या धोतराला धरून उभी राहिली. पाय सरळ! ती दोन पावलं टाकून धपकन बसली. किसनरावांनी चष्मा पुसला. डोळ्यात धूळ गेली म्हणे.

आता १९८८ चाललंय. किसनराव बॉलपेननं लिहितात. माझी टोपी चिरली, नळीचा कपचा उडालाय. काल भागीरथा चिंचेवरून धप्पकन उडी मारून आली. आजोबा ओरडले. गुलाब चुलीपुढूनच म्हणाली, "मारू द्या, मामाजी. हाडं पक्के हायेत."

मला फेकणार असाल तर राग नाही. एवढंच, वाटेवर टाकू नका. मी काच आहे, आणि ती पोरगी अनवाणी धावते.