कोनशिलेचं गवत

सांगानेरच्या पुढे आमच्या घोडेस्वारी क्लबचं कुरण होतं. कुरण हे नाव कागदावर. जमिनीवर होती ती वाळू. पाच एकरांत अकरा घोडे बारा महिने मोकळे सोडल्यावर दुसरं काय उरणार? सुधारणेत मात्र क्लबने कसूर केली नाही. दर दोन वर्षांनी एखादे अधिकारी जयपुरात बदलून येत, क्लबचे सचिव होत, मे महिन्याच्या उन्हात मूठभर बी फेकत, फोटो काढत, भोवती साखळी लावून कोनशिला बसवत आणि पुन्हा बदलून जात. २००६ पर्यंत अशा तीन कोनशिला जमल्या होत्या. बी कबुतरं खात. कबुतरांची तब्येत छान होती.

घोड्यांची नव्हती. मोरनी नावाची म्हातारी घोडी उरलेली खुंटं ओरबाडताना वाळूही गिळायची. दोनदा तिच्या पोटात कळा आल्या. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीपर्यंत हिचं वाळू गिळणं सुटलं नाही तर हिला इथून हलवा." हलवायला क्लबकडे दुसरी जागा नव्हती. माझी नात भार्गवी मोरनीवरच बसायला शिकली होती. त्या दिवशी राजा पार्कातल्या घरापर्यंत ती बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली.

माझी सगळी नोकरी चारा-गवत वाढवण्यात गेलेली. रविवारी मी क्लबातल्या मुलांना कुरणात नेलं आणि म्हटलं, "इथे गवत कुठे आहे, शोधा."

अर्ध्या तासाने भार्गवी आली. "आजोबा, फक्त त्या दगडांपाशी. साखळीच्या आत."

"दगडाला खत घातलंय का?"

"नाही हो. मतलब, साखळीमुळे आत घोडा जात नाही ना."

मी मान डोलावली. आतापर्यंतच्या तिन्ही साहेबांच्या हे लक्षात आलं नव्हतं.

त्या वर्षीचे सचिव गुलाबराव. मूळचे नागपूरचे, आता सिविल लाइंसच्या बंगल्यात. मी त्यांना सांगितलं, "कुरणाचे चार भाग करू. एक भाग पेरून वर्षभर बंद ठेवू."

"बंद? नाना, कमिटीला दाखवू काय मग? आणि घोडे चरतील कुठे?"

"सध्या कुठे चरतात?"

ते घड्याळ बघू लागले. तेवढ्यात भार्गवी म्हणाली, "काका, तुम्ही तुमच्या दगडाची साखळी मोठी करा ना. बाकीच्यांची छोटीशीच आहे."

गुलाबरावांनी घड्याळ सोडलं. "किती मोठी?"

"सव्वा एकर," मी म्हटलं.

आधीच्या तिघांची मिळून खाटेएवढीही जागा नव्हती. गुलाबरावांना कुरण सुधारण्याचं महत्त्व एकदम पटलं. मुहूर्त जूनअखेरीस घेऊ, मेच्या उन्हात पाहुण्यांना भोवळ येते, असंही मी सुचवलं. पाऊस कधी येतो, हे सांगून त्यांना कशाला गोंधळात टाकायचं?

मुलांनी जमीन खरवडली. धामण गवताचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्याने उडणारं. म्हणून ओल्या मातीत कालवून ते उथळ पेरलं. गुलाबरावांनी पहिली मूठ टाकली, भाषण केलं आणि म्हणाले, "आता सगळे घोडे इथूनच मिरवत नेऊ. फोटो झकास येईल."

मी तोंड उघडणार होतो. भार्गवी आधीच साखळीपाशी उभी होती.

"काका, आत घोडे आले तर तुमच्या दगडावर लीद पडेल."

मिरवणूक बाहेरून गेली.

सप्टेंबरात गवत गुडघ्याला लागलं. घोडे साखळीवरून माना लांब करायचे, आणि गुलाबराव पाहुण्यांना सांगायचे की जनावरांनाही कोनशिलेचं आकर्षण आहे. बी झडल्यावर आम्ही विळ्याने गवत कापलं. मोरनीला वाळूवर सोडणं बंद करून ते गवत रोज तिच्या गव्हाणीत टाकलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिची लीद पाण्यात कालवून पाहिली. तळाला वाळूचा कण नव्हता. "राहू दे हिला इथेच," ते म्हणाले. भार्गवी बसमध्ये राजा पार्कपर्यंत बडबडत होती.

पुढच्या वर्षी गुलाबराव बदलून गेले. नवे सचिव आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "माझी कोनशिला कुठे बसवायची?"

भार्गवीने त्यांना बोट धरून शेजारच्या उघड्या सव्वा एकरात नेलं.