निळी पंगत

"आ कर! जीभ काढ बाहीर! माय वो, पोट्टी निळी पडली!"

माझी आई कलाबाई अंगणात उभी राहून असं ओरडली, तेव्हा मी पाच वर्षांची होते. माझे ओठ निळे, जीभ निळी, दातांच्या फटीही निळ्या. आमच्या भागात धानाच्या बांध्यांत साप निघतात, त्यामुळे माणूस निळं पडलं म्हणजे पान लागलं, साप चावला, असं आईनं ठरवून टाकलं. ती माझे पाय चाचपत होती, मी रडत होते, आणि शेजारणी एकमेकींना ढकलत आत येत होत्या. कुणीतरी सुखराम भगताला आणायला धावलं. दुसऱ्या कुणी माझ्या नरड्यात मिठाचं पाणी ओतलं. मी भडाभडा ओकले. तेही निळं!

सुखराम आला. मंत्र म्हणायला बसणार, तेवढ्यात त्यानं माझ्या ओठावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि धोतराला पुसलं.

"कायचा साप न कायचं काय! अवो, हे त कपड्याची नीळ हाये!"

दोन बाया फिसकन हसल्या. आई मात्र हसली नाही. तिनं माझा दंड धरला.

"कोनं खाऊ घातली तुले नीळ?"

आता इथं मला थोडं मागं जावं लागेल, नाहीतर मी किती नालायक कार्टी होते ते कळायचं नाही.

हे सत्त्याहत्तर सालचं, फाल्गुनातलं. साकोलीच्या अलीकडं, मोठी सडक सोडून दोन कोस आत आमचं गाव. भय्याजींच्या छपरीत शकुनबाईंची बालवाडी भरायची. बाई सातवी शिकलेल्या, बुटक्या, आवाजानं खणखणीत. गावात एकट्याच राहायच्या. सकाळी गाणी, मग गोष्ट, मग सरकारी पोत्यांतून येणारा खाऊ, सुकडी. खरं सांगायचं तर पोरं सुकडीसाठीच यायची. त्या वर्षी पोती दोन महिने आलीच नव्हती. बाई रोज सडकेपर्यंत जाऊन विचारून यायच्या. पण तेवढ्यानं पोरांचं पोट थोडंच भरतं? सुकडीची वेळ झाली की आम्ही वीस-बावीस जण वाट्या घेऊन बाईंच्या तोंडाकडं बघत बसायचो.

म्हणून बाईंनी ठशांचा खेळ काढला. बाजार उठताना भाजीवाल्या जे टाकून जायच्या, ते त्या ओच्यातून आणायच्या. जून भेंडी, सडका कांदा, पिकून पिवळं झालेलं कारलं. तळ्याचं पाणी उतरलं की मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बाया कमळकाकडी काढतात, आम्ही तिला ढेस म्हणतो. तिचेही बोटभर तुकडे असायचे. पळसाची फुलं उकळून केशरी रंग, हळदीचा पिवळा, आणि निळा हवा म्हणून नीळ. रद्दी कागद पत्रावळीसारखे गोल कापायचे आणि त्यावर आपापलं जेवण छापायचं. कांद्याची झाली भाकर, भेंडीची फुलं म्हणजे भजी, हळदीत बोट बुडवलं की वरण.

"माह्या पानात दोन भाकरी हायेत, बाई!"

"वाढ, वाढ. लाजू नको. पन रांगेत वाढजो. पंगत मोडाची नाई!"

देवाशपथ सांगते, मी पुढं लग्नाकार्यांत किती पंगती जेवले असेन, पण त्या कागदाच्या पंगतीची सर कशालाच नाही. रंगात भिजलेलं ते बोट, पळसाच्या पाण्याचा उग्र वास, बाईंची "पंगत मोडाची नाई" ही हाळी, सगळं अजून जसंच्या तसं आठवतं. जीव तुटतो.

आता आमच्या घरचं. त्या साली धान गर्भात असताना पावसानं पाठ फिरवली. कोठीत तूस उरलं होतं. पण माझी आई अशी मानी, की कुणाच्या दारात सूप घेऊन उभी राहील तर शपथ. बालवाडीत पाठवण्याआधी ती जवसाच्या तेलाच्या बाटलीत बोट घालायची आणि ते बोट माझ्या ओठांवरून फिरवायची.

"कोनी पुसलं त सांगजो, जेवून आली."

तेलकट ओठ बघून कुणाला वाटावं, पोरगी तव्यावरचं खाऊन आली! आणि मी तसंच सांगायचे.

तर त्या दिवशी मला कमळकाकडीचा तुकडा मिळाला. नीळ लावून कागदावर दाबला की छिद्राछिद्राचं चाक उमटायचं. मी तीन चाकं काढली. चौथ्याच्या आधी काय झालं ते मलाही कळलं नाही, मी त्या तुकड्याचा चावा घेतला. नीळ लावलेल्या बाजूचाच. कचकन वाजला. बाईंची पाठ होती. मी गिळून टाकलं आणि साळसूदपणे चौथा ठसा मारला.

नीळ तेलाला चिकटली आणि ओठांवर बसली ती बसलीच.

अंगणात आईनं दंड धरून विचारलं, तेव्हा भोवती अर्धं गाव होतं. "भूक लागली होती" हे म्हणायचं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं,

"बाईनं देल्लन."

झालं! आई पुढं, गाव मागं, अशी वरात भय्याजींच्या छपरीवर गेली. बाई जमिनीवर बसून कागद गोळा करत होत्या.

"बाई, लेकरायले जहर खाऊ घालता? सुकडी नाई त रंग चारता?" आई कडाडली.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. ओठांकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हातातल्या कागदांतला एक कागद वर घेतला. त्यांची नजर त्या कागदावरून माझ्यावर आणि माझ्यावरून आईवर गेली. आईच्या कपाळावरची शीर उडत होती. बाईंनी तो कागद चार घड्या घालून पोलक्यात खोचला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माह्यं चुकलं. मीच देली."

भय्याजी बाजेवरून उठले. गावात त्यांचा शब्द चालायचा. "मंग बंद करा हे थेर. माह्या छपरीत असं नाई चालाचं. उद्या कोन्या पोट्ट्याचं काई झालं त जबाबदार कोन?"

"याच्यानं काई होत नाई, भय्याजी."

"तुमाले काय मालूम?"

बाईंनी खाली पडलेला माझाच तुकडा उचलला, निळीच्या वाटीत चांगला बुडवला आणि सगळ्यांसमोर कचाकचा चावून खाल्ला. मग छपरीच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"बसली मी. दिवस बुडेपावतर पाहा. मले काई झालं त पोट्टीले दवाखान्यात न्या."

दिवस बुडेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, निळ्या तोंडानं. येणारी-जाणारी माणसं बघून जायची. पोरं हसायची. मीही हसले असेन. त्या वयात लाज कुठं असते?

बाईंना काही झालं नाही, मलाही नाही. पण भय्याजींनी छपरी दिली नाही ती नाहीच. बालवाडी बाईंच्या एका खोलीच्या घरापुढं भरू लागली. वीस-बावीसची आठ-नऊ पोरं उरली. काही दिवसांनी पोती आली, पोरंही हळूहळू परतली, पण रंगाच्या वाट्या परत निघाल्या नाहीत. माझ्यामागून आलेल्या पोरांना कांद्याची भाकर कशी छापतात, ते माहीतच नाही.

अठ्ठ्याऐंशी साली बाईंनी बालवाडी सोडली. गुडघे गेले होते. तुमसरकडं आंबागडला त्यांचा भाऊ होता, तिकडं निघाल्या. मी तेव्हा सोळा वर्षांची. पेटी भरू लागायला गेले. अकरा वर्षं घशात अडकलेलं त्या दिवशी बाहेर पडलं.

"बाई, ते नीळ... तुमी नोयती देली. मीच खाल्ली होती. मी खोटं बोलली."

बाई लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. थांबल्या नाहीत.

"मले मालूम हाये न वो."

पेटीच्या तळातून त्यांनी एक पिवळा पडलेला गोल कागद काढला आणि उलगडून माझ्या मांडीवर ठेवला. चार निळी चाकं. तीन पुरती गोल. चौथ्याच्या कडेला लचका तोडलेला.

मला रडूच फुटलं. "हे दाखवलं असतं त सुटल्या असत्या तुमी! छपरी गेली नसती. काहून नाई दाखवलं?"

"आन् काय सांगतलं असतं मी? का तुया बापाच्या, टिकारामच्या घरी खायले नाई, पोट्टी रंग खाते? तुया ओठाले रोज तेल राहे, रेवंते, आन् हात कोरडे. मले दिसत नोयतं का? तुयी माय कशी चाले गावातून, मान वर करून! मंग कशी चालली असती?"

बाईंनी चौथ्या चाकावर बोट ठेवलं.

"पन पाह्य. चावली, त बी रांग नाई सोडली तूनं. माह्यी पंगत नाई मोडली."

एवढं म्हणून त्या हसल्या. मी त्या लचक्याशी करंगळीचं नख धरून पाहिलं. नखाएवढाच होता. बाईंनी कागद पुन्हा चार घड्या घालून पेटीत ठेवला.

घरी आले तेव्हा आईनं पान वाढलं होतं. त्या वर्षी धान बरं झालं होतं. तिनं भात वाढता वाढता, माझ्याकडं न बघता विचारलं,

"गेली का बाई?"

"व्हय. दुपारच्या गाडीनं."

"ते निळीची गोष्ट काढलन का तिनं?"

मी भात कालवत राहिले.

"नाई वो, माय. ते कवाची विसरली असंन."

आईनं श्वास सोडला आणि माझ्या पानात आणखी एक वाढणी भात घातला. बाईंच्या बाबतीत मी आईशी दोनदा खोटं बोलले. हे दुसरं.