पंचमीची ओहोटी, दहा वाजता

पहिला कागद. नारळी पुनव, १९५९.

माननीय बाई, आपलं पत्र पोचलं. मी रोहिदास, राहणार मोरा, तालुका उरण. बेलांजे साहेब मला चांगले आठवतात. त्यांनी लाँचवर कधी कुणाला शिवी दिली नाही. त्यांची तब्येत ठीक नसते हे ऐकून वाईट वाटलं. त्या दिवशी समुद्र

समुद्राच्या पुढं काही नाही. इथं बा थांबला. मी टाक धरून बसून राहिले.

मी गोजरा, त्याची थोरली मुलगी. खाडीपलीकडं दिवाळे गावी दिलेली. सणाला माहेरी आले होते आणि घरात लिहिता येणारी मीच, म्हणून कागद माझ्या पुढ्यात. पत्र आलं होतं फ्रान्सवरून, बा पूर्वी ज्या बोटीच्या कंपनीत होता तिच्या मुंबईच्या ऑफिसातून फिरून. इंग्रजीत, टाइप केलेलं. उरणच्या शाळेतल्या नामदेव मास्तरांनी ते वाचून मराठीत सांगितलं आणि मी उतरवून घेतलं.

समुद्र कसा होता, मी विचारलं.

"खराब होता. लिव."

मी लिहिलं नाही. त्याच्या आवाजावरून कळलं की समुद्र खराब नव्हता.

•

पत्रात काय होतं.

लिहिणारी बाई बेलांजे साहेबांची मुलगी. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं, जसं काही आम्हाला त्यातलं ठाऊकच नसणार. आणि ते खरंच होतं. १९४० साली जर्मनांनी फ्रान्स घेतला. तिथल्या वयस्कर सेनापतींनी शस्त्रं खाली ठेवली आणि जर्मनांशी जमवून घेतलं. ज्यांना हे मानवलं नाही ते देश सोडून निघाले आणि लंडनला जाऊन बसलेल्या एका जनरलच्या नावानं लढू लागले. घरच्या सरकारच्या दफ्तरात ते फितूर. तिचे वडील त्यांतले एक.

त्यांना एडनला नेमलं होतं. समुद्रापलीकडं जिबुती. तिथंही राज्य फ्रेंचांचंच, पण शरण गेलेल्या सरकारच्या हुकमातलं. इंग्रजांनी ते बंदर कोंडलं होतं. आतले काही शिपाई निसटून साहेबांच्या बाजूला यायला बघत. त्यांना किनाऱ्यावरून लाँचनं उचलून आणायचं, हे साहेबांचं काम.

ऑक्टोबर १९४१. सात शिपाई एका वाळूच्या दांड्यावर येऊन थांबले. दांडा फक्त ओहोटीला उघडा पडतो. त्यांना वेळ चुकीची कळवली होती. पाणी चढत गेलं. लाँच पोचली तेव्हा दांडा नव्हता. एक जण जिवंत सापडला.

लंडनच्या वरिष्ठांनी साहेबांना विचारलं, वेळ कुणाची? साहेबांनी लिहून दिलं, माझी. त्यांच्याकडून लाँच काढून घेतली. उरलेली लढाई त्यांनी आफ्रिकेत कुठंतरी कोठार सांभाळत काढली.

आता तोच जनरल देशाचा प्रमुख झाला होता. त्या वेळी देश सोडून लढलेल्यांची यादी होत होती. साहेबांच्या गावच्या बंदरावर दगडात नावं कोरायची होती. जुन्या सैनिकांच्या मंडळानं साहेबांचं नाव बाजूला ठेवलं होतं, त्या एका सकाळीमुळं. यादी मार्च १९६० अखेर बंद होणार होती. वडील तोंड उघडत नाहीत, असं ती लिहीत होती. पण त्यांच्या जुन्या वहीत तिला एक ओळ सापडली होती:

वेळ तांडेल रोहिदास, मोरा, यानं बोटांवर मोजली.

तिचं मागणं एवढंच: तुम्ही जिवंत असाल तर दोन ओळी लिहा. वेळ कुणी दिली?

•

बोटांवर मोजणं म्हणजे काय, ते मोऱ्यात लहान पोरालाही येतं.

अमावस्येला आणि पुनवेला आमच्याकडं बाराच्या सुमाराला पाणी भरतं. पुढं दर तिथीला दोन घटका उशीर, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. बोटाचं एक पेर म्हणजे एक तिथी. पंचमी असेल तर पाच पेरं, चार तास, भरती चारला. त्यात सहा मिळवले की ओहोटी, दहाला. आमच्या कोळीवाड्यात हे कुणी शिकवत नाही.

बा त्यातला मोठा माणूस. मोऱ्याला ओहोटीत धक्क्यापर्यंत लाँच येत नाही, चिखल उघडा पडतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्यांना होडीत उतरवावं लागतं. म्हणून लढाईनंतर लाँचवाल्यांनी धक्क्यावर एक काळा फळा लावला आणि बाला सांगितलं, रोज सकाळी तू वेळ लिहायची. त्याला लिहिता येतं ते तेवढंच: तिथीचं नाव, आकडे आणि स्वतःची सही. मुंबईला नोकरीला जाणारी माणसं, टोपल्या घेतलेल्या बाया, सगळे फळा बघून पाय उचलायचे. तेरा वर्षं. पाणी रोहिदासला विचारून येतं, असं लोक म्हणत. तो हसायचा नाही. त्याला ते पटलेलं असावं.

पहिला कागद तसाच राहिला. मी दिवाळ्याला परत गेले.

•

दुसरा कागद. शिमगा, १९६०.

माननीय बाई, उत्तराला उशीर झाला. पुष्कळ वर्षं झाल्यामुळं वेळ कुणी दिली ते आता नक्की आठवत नाही. तिकडचं पाणी

(हे खोडलं.)

माननीय बाई, वेळ साहेबांनी पुस्तकात बघून

(हे खोडलं. बानंच टाक घेतला माझ्या हातातून आणि खोडलं, कागद फाटेपर्यंत.)

यादी बंद व्हायला पंधरा दिवस उरले होते. आय पडवीत बोंबील निवडत होती.

"आठवत नाय?" ती म्हणाली. "मना मागायला आलतास तवा माझ्या बापानं कंचं लुगडं नेसलंवतं ते तुला आठवतंय. नि हे नाय?"

"तुझ्या बापानं लुगडं नव्हतं नेसलं," बा म्हणाला.

"बघ. आठवतंय."

मी हसले. बा हसला नाही, आणि मग त्यानं सांगितलं. सलग नाही. मधेच उठून बाहेर गेला, पाणी प्यायला, परत बसला. मी इथं सलग लिहिते.

मुंबईहून निघाला तेव्हाच त्याला ताप होता. एडनला उतरला आणि चार दिवस खलाशांच्या शेडमध्ये पडून राहिला. पाचव्या दिवशी त्याला त्या फ्रेंच साहेबाच्या लाँचवर तांडेल म्हणून, सुकाणू धरायला, दिलं, कारण आधीचा तांडेल पळाला होता. चढल्या चढल्या साहेबानं नकाशा पसरला आणि मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं: परवा सकाळी ओहोटी किती वाजता?

बानं तिथी विचारात घेतली. परवा वद्य पंचमी. पाच पेरं.

दहा, तो म्हणाला.

साहेबानं तेच कळवलं. खजूर विकणाऱ्या एका होडीवाल्याकडून निरोप आत गेला: आठ वाजता किनाऱ्यावरून चालायला लागा, पाणी उतरत असेल, दहाला दांडा कोरडा असेल, आम्ही तिथं असू.

पण ती मोऱ्याची पंचमी होती. तिकडच्या किनाऱ्यावर पुनवेला बाराला पाणी भरत नाही, आठच्या आसपास भरतं. म्हणजे पंचमीला भरती बाराला, आणि ओहोटी सहालाच होऊन गेली होती. आठ वाजता ते सात जण गुडघाभर पाण्यातून दांड्यावर गेले आणि पाणी आता उतरेल, मग उतरेल म्हणत उभे राहिले. मागं वळून जाता आलं असतं, अजून अर्धा तास तरी. ते थांबले, कारण दहाची ओहोटी आहे असं त्यांना सांगितलं होतं.

"पानी जागा बदलली का टाईम बदलतंय, हे मना ठावं नव्हतं का? ठावं होतं," बा म्हणाला. "शेजारच्या करंजा गावाला नि मोऱ्याला फरक हाय, तो बी मना ठावं. चार दिस पडून होतो. एक दिस काठी रोवून बसलो असतो, एक भरती नि एक ओहोटी बघितली असती, तर झालं असतं. पन त्यानं विचारलं नि मी बोटं काढली."

साहेब त्याला काहीच बोलले नाहीत? मी विचारलं.

नाही. जिवंत सापडलेल्या माणसाला डेकवर निजवलं, त्याच्या अंगावर आपला कोट घातला आणि एडनला जायला सांगितलं. वाटेत दोनदा चहा पाठवला बाला. तो चहा प्यायचा की नाही, ते बाला कळेना. दुसऱ्या दिवशी साहेब वरिष्ठांकडं गेले ते परत लाँचवर आले नाहीत.

आय बोंबील निवडायची थांबली होती. ती एवढंच म्हणाली, "सहा मानसं. नि तू फळ्यावर खडूनं लिवतंस."

मी हे सगळं त्याच रात्री स्वच्छ कागदावर उतरवलं. दीड पान झालं. त्याच्यापुढं सहीला ठेवलं. त्यानं बराच वेळ कागदाकडं बघितलं, वाचता येत नसताना.

"हे मास्तर विंग्रजीत करनार?"

हो, म्हटलं.

"मास्तरला कळलं म्हंजे उरनला कळलं. मंग फळा कोन वाचंल?"

कागद मी ट्रंकेत घालून दिवाळ्याला नेला. मार्च संपला.

सहीशिवायही तो पाठवता आला असता. मास्तरांकडं मी एकटी जाऊ शकत होते. साहेबांचं नाव होतं पणाला, आणि माझ्याकडं दीड पान होतं. हे मी बाला कधी बोलले नाही आणि त्यानंही मला कधी विचारलं नाही.

•

कागद नाही. फेब्रुवारी, १९६१.

लाँचवाल्यांनी तिकिटाच्या खिडकीशी काचेच्या चौकटीत एक छापील तक्ता लावला. वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा, मिनिटांसकट. लोक आठवडाभर दोन्हीकडं बघत होते, मग तक्त्याकडंच बघायला लागले. फळा काढला. बाला कुणी वाईट बोललं नाही. एक हार घातला आणि पेढे दिले.

तो होडीनं खाडीतून दिवाळ्याला आला, न कळवता. पेढ्यांची पुडी माझ्या सासूच्या हातात दिली, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "तो कागद काढ. सही करतो."

मला राग आला. आजवर इतका कधी आला नव्हता. आता त्याचं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून तो आला होता, आणि ते त्यालाही कळत होतं. मी कागद काढून दिला. त्यानं सही केली, मग म्हणाला, वर दोन ओळी घाल.

तिसरा कागद.

माननीय बाई, वेळ मी दिली. साहेबांनी नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाही. खाली सगळं लिहिलं आहे, ते मंडळाला दाखवा.

मास्तरांनी इंग्रजी केलं. वाचताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. उरणला काही कळलं नाही. निदान आमच्या कानावर तरी आलं नाही.

•

उत्तर मे महिन्यात आलं. मी माहेरीच होते, बाळंतपणाला. मास्तर घरी येऊन वाचायला बसले. आय होती, बा होता.

यादी गेल्या वर्षी बंद झाली, असं बाईंनी लिहिलं होतं. दगडही बसला. मंडळाचे लोक म्हणाले, आता एका नावासाठी दगड कसा बदलायचा. तुमचं पत्र मी तरीही वडिलांना वाचून दाखवलं. ते आजारी आहेत, पण त्यांना सगळं समजतं. त्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलं आहे, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

मास्तर थांबले, पुन्हा मनाशी वाचलं आणि मग सावकाश मराठीत सांगितलं:

"तांडेलला सांग, माझ्या खिशात त्या दिवशी इंग्रजांच्या आरमाराचं भरती-ओहोटीचं पुस्तक होतं. त्यात सहा लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. तो दहा म्हणाला. मला वाटलं, पुस्तक कुणी खोलीत बसून लिहिलं असेल, आणि हा माणूस पाण्यात जन्मलेला. माझ्या देशातल्या मोठमोठ्या सेनापतींना चुकताना मी बघून आलो होतो. कुणावर तरी विश्वास ठेवायचाच होता. मी त्याच्या बोटांवर ठेवला. म्हणून वेळ माझी."

मास्तरांनी पत्राची घडी करून माझ्याकडं दिलं आणि चहा न घेता निघाले.

बानं मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. सगळं नको, खिशाचं तेवढं. मला इंग्रजी येत नव्हतं. मास्तर जे बोलले ते मी आठवून सांगितलं. तो ऐकत होता, हात मांडीवर उपडे ठेवून.

"खिशात होतं," तो म्हणाला.

"हो."

"मंग बोलायला पायजे होतं त्यानं. एकदा बोलायचं. रोहिदास, पुस्तकात सहा हाय, तू दहा कसं म्हनतंस."

आय म्हणाली, "नि बोलला असता तर?"

बानं मांडीवरचे हात उताणे केले.

"दहाच बोललो असतो," तो म्हणाला. "त्याला हसलो बी असतो."