मंगळवारचा रिकामा समुद्र

एकोणीसशे शहाऐंशी सालच्या जुलैमधल्या एका मंगळवारी प्रोफेसर क्वान्सांचे बूट बेदुआनो गावच्या ओल्या वाळूत घोट्यापर्यंत रुतले आणि जाळी दुरुस्त करत बसलेले पन्नासेक कोळी एकदम हसले.

"मास्तर, तुझ्या साहेबाला सांग, वाळूला पॉलिश कळत नाही म्हणावं!" एकोवचा अत्तामामा ओरडला.

एकोवने साहेबांना एवढंच सांगितलं, "सर, बूट काढलेत तर बरं, असं म्हणतायत."

प्रोफेसर आतल्या डोंगराळ भागातले होते. आमची फान्ती बोली त्यांना जेमतेम कळायची. म्हणून तर एकोव. बंदरावरच्या आमच्या सागर अभ्यास केंद्रात तो त्यांचा मदतनीस होता, आणि मी टायपिस्ट. अशा फेऱ्यांना साहेब मलाही नेत. पालथ्या घातलेल्या होडीवर बसून मी लघुलिपीत सगळं उतरवून घ्यायची.

एकोव त्याच गावचा. आई लवकर गेली, तो मामाकडे वाढला. आमच्यात तसाही मुलगा बापापेक्षा मामाचा, मामामागे त्याची जागाही भाच्याचीच. अत्तामामाने मासे विकून त्याला शिकवलं होतं. त्या अठ्ठावीस वर्षांच्या, किडकिडीत, चष्मा लावणाऱ्या माणसाला गाव 'मास्तर' म्हणे, ते अर्धं कौतुकाने आणि अर्धं चेष्टेने.

साहेबांचा प्रश्न एकच होता. त्यावरच त्यांचं सगळं संशोधन उभं होतं. गस्तीच्या बोटी तीन, त्यातली एक कायम दुरुस्तीला. डिझेल मिळत नाही. किनारा लांबच लांब, आणि त्यावरून सरहद्दीपार पेट्रोलची पिंपं चोरून चालली आहेत. मग बोट पाण्यात घालायची कधी? साहेब म्हणत, श्रीमंत देशांच्या आरमारावर कपाटं भरून पुस्तकं आहेत, गरिबाच्या आरमारावर एक नाही.

"नानांना विचार," साहेब एकोवला म्हणाले, "चोरटी होडी ओळखायची कशी?"

नाना बाडू हे कोळ्यांचे मुखिया. त्यांनी दातातली काडी काढली. "चोर काय कपाळावर लिहून फिरतो?"

"ज्याची बायको दर महिन्याला नवं कापड नेसते ना, त्याची होडी बघा," अत्तामामा म्हणाला.

"मग तुझीच बघायला हवी!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला.

साहेब घड्याळ बघायला लागले. एकोवला वाटलं असणार, साहेब एवढ्या लांब आले आणि आपलं गाव नुसतं खिदळतंय. तो स्वतःच बोलला.

"सर, एक सोपी खूण आहे. मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही. मंगळवार समुद्राचा. जाळं टाकलं तर मेंढी आणि दारूचा दंड. बघा ना, आज एक तरी होडी आत आहे का?"

साहेबांनी वर पाहिलं. ढगाळ आभाळाखाली पाणी शिशासारखं पसरलं होतं, आणि त्यावर काहीही नव्हतं.

"कुणीच नाही जात?"

"कुणीच नाही, सर." साहेबांनी पुन्हा तेच विचारलं, आणि एकोव पुन्हा म्हणाला, "कुणीच नाही."

आपण काय सांगितलं ते त्याने लोकांनाही फान्तीत सांगितलं. नानांनी मान डोलावली. अत्तामामाने डोलावली. मी कोळ्याचीच मुलगी, मीही डोलावली आणि वाक्य उतरवून घेतलं.

ऑगस्टमध्ये मी साहेबांचा प्रबंध टाईप केला. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईलवर तीनशे प्रती काढल्या, बोटं आठवडाभर काळी होती. ते वाक्य पान एक्केचाळीसवर आलं. 'मंगळवारी समुद्र रिकामा असतो. त्या दिवशी दिसणारी प्रत्येक होडी संशयित मानावी.' सांगता सांगता साहेब खिडकीशी थांबले आणि म्हणाले, "पुढे घाल, अपवाद नाही." मी घातलं.

राजधानीत साहेबांनी तो वाचला तेव्हा गणवेशातले लोक उठून उभे राहिले म्हणे. एवढ्या थोड्या डिझेलात एवढं मोठं काम त्यांना आजवर कुणी सुचवलंच नव्हतं. महिन्याभरात हुकूम निघाला. मंगळवारी होडी दिसली तर भोंगा द्यायचा. दुसऱ्या भोंग्यालाही आतल्या माणसांचे हात वर झाले नाहीत तर गोळी.

एकोव एक प्रत घेऊन गावी गेला. आभारांच्या पानावर त्याचं नाव होतं. अत्तामामाने प्रत हातावर तोलून पाहिली. "म्हणजे यातलं एक वाक्य तुझं? आणि बाकीचं काय, नुसती मीठ-मिरची?" असं म्हणाला खरा, पण संध्याकाळपर्यंत ती काखेत घेऊन गावभर हिंडला.

सप्टेंबर संपता संपता, एका सोमवारी, अत्तामामाच्या होडीवरचा बेन्टिल जाळं ओढताना पाण्यात गेला. अंधार पडेपर्यंत शोधलं, सापडला नाही. मंगळवारी सकाळी नानांनी पाण्याच्या कडेला दारू ओतली, समुद्राची परवानगी मागितली आणि अत्तामामाची होडी पाच माणसं घेऊन निघाली.

बुडालेल्याला शोधायला मंगळवार आड येत नाही. दिवस समुद्राचा असला तरी माणूस त्याच्याकडे ठेवायचा नसतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इतकं ठाऊक, की जुलैमध्ये त्या किनाऱ्यावर आम्ही पन्नास-साठ जण बसलो होतो आणि ते सांगावं असं एकालाही सुचलं नाही.

बेन्टिल त्यांना सापडला. इंजिन बंद करून पाचही जण एका बाजूला वाकले आणि त्याला वर घ्यायला लागले. तेव्हा भोंगा झाला. हात सोडले असते तर तो परत खाली गेला असता. त्यांनी सोडले नाहीत. दुसरा भोंगा झाला. गस्तीच्या नोंदीत लिहिलं होतं, 'लांबट ओझं आत ओढताना आढळले.' तिघे जागीच गेले, त्यात अत्तामामा. उरलेल्या दोघांनी त्या तिघांना परत आणलं. बेन्टिल काही आला नाही.

गुरुवारी एकोव ऑफिसात आला. डोकं भादरलेलं, अंगावर सुतकाचं तांबडं-काळं कापड. तो साहेबांच्या टेबलाशी उभा राहिला. मधलं दार उघडंच होतं.

"एकोव, फार वाईट झालं. बस."

"सर, पान एक्केचाळीस बदलायला हवं. बुडालेल्याला शोधायला जातात. मी सांगायला विसरलो."

साहेबांनी प्रत उघडून ते पान काढलं. मग म्हणाले, "मी तुला दोनदा विचारलं होतं."

"हो सर. मी दोनदा कुणीच नाही म्हणालो."

"आता अपवाद घातला, तर उद्या प्रत्येक चोर होडीत एक मेलेला माणूस घालून नेईल. सगळा विचारच कोसळतो."

"पण सर, ते खरं आहे."

"दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा बघू."

"पुढचा मंगळवार पाच दिवसांवर आहे, सर."

साहेब वाईट माणूस नव्हते. दुपारी त्यांनी माझ्याकडे एकोवसाठी पाकीट दिलं. त्याने ते घेतलं नाही. मला तो ताईच्या मानाने सिस्टर म्हणे. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सिस्टर एस्सी, एक चिठ्ठी टाईप करून देशील? लहानशीच आहे."

मी स्टेन्सिल कापून तिच्या पट्ट्या काढून दिल्या. 'दुरुस्ती: बुडालेल्या माणसाला शोधायला होड्या मंगळवारीही जातात. हे सांगायचे मी विसरलो. एकोव डॅडझी, बेदुआनो.' कपाटात एकशे अठरा प्रती उरल्या होत्या. तो घरून कसाव्याच्या कंदाची खळ घेऊन आला आणि दोन दिवस जमिनीवर बसून एकेका प्रतीत ती पट्टी चिकटवत राहिला. उरलेल्या पट्ट्या घेऊन गस्तीच्या कचेरीत गेला. फाटकावरच्या शिपायाने त्या घेतल्या आणि त्याच्यासमोरच त्यातल्या एकीने बोटाची शाई पुसली.

सोमवारी साहेबांनी कपाट उघडलं.

"संशोधनात 'मी' नसतो, एकोव," ते एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे टाईप कुणी केलं?"

घरी माझी तीन मुलं होती, आणि नवऱ्याला काम नव्हतं. मी टाईपरायटरमधला कागद सरळ करत राहिले.

"मी केलं, सर," एकोव म्हणाला.

त्याला टाईप येत नव्हतं. ते साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. एकोवची नोकरी गेली, माझी राहिली.

त्याच आठवड्यात बेदुआनोला नानांनी सगळ्यांना बोलावलं. मी गेले होते. एकोव मधे उभा राहिला आणि ते वाक्य आपण दिलं, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मामाबरोबर गेलेल्या दोघांच्या विधवांपैकी एकीने आपलं स्टूल उचललं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. बेन्टिलची आई हलक्या आवाजात म्हणाली, "हातात आला होता रे माझा मुलगा."

"वाक्य तुझं," नाना म्हणाले, "पण मान आम्ही सगळ्यांनी डोलावली. तुझ्यावर दंड नाही. मामाची जागा मात्र तुला मिळणार नाही. धाकट्या भाच्याला मिळेल."

एकोवने मान खाली घातली.

"आणि आजपासून," नाना म्हणाले, "मंगळवारी होडी जाणार नाही. कुणीही बुडालेला असो. बुधवारी जाईल."

तेव्हा मात्र तो पुढे झाला. "नाना, असं नका करू. मी बदलून आणतो ते."

"कधी आणतोस?"

नानांनी खरंच वाट पाहिली. मग काठी टेकून उठले, आणि लोक आपापली स्टुलं उचलून घरी गेले.

पान एक्केचाळीस असं खरं ठरलं. अठ्ठ्याऐंशी साली दुसरी आवृत्ती निघाली, तीही मीच टाईप केली. तिच्यात साहेबांनी एक ओळ वाढवली, 'नंतरच्या पाहणीतही हाच निष्कर्ष कायम राहिला.' ते खोटं नव्हतं.

प्रोफेसर क्वान्सा पुढे परदेशात शिकवायला गेले आणि तिकडेच वारले. नाना बाडू एक्याण्णव साली गेले. सरकार बदललं, गस्तीचा तो हुकूम कधीतरी आपोआप बारगळला, पण बुडालेल्यासाठीही मंगळवारी न जाण्याची नानांची आज्ञा तशीच राहिली. आता ती केव्हापासूनची, हेही तरुणांना ठाऊक नाही. बेन्टिलच्या आईने घराचं समुद्राकडचं दार विटांनी बंद करून घेतलं. मी दोन हजार नऊ साली निवृत्त झाले. टाईप कुणी केलं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते आज लिहिते आहे.

एकोव गावच्या शाळेत कारकून झाला. लग्न केलं नाही. सोमवारी कुणी बुडालं की दुसऱ्या दिवशी तो शाळेत जायचा नाही. होडी जाऊ शकत नाही, पण चालायला कुणाची मनाई नव्हती. उजाडताना घडी केलेलं पांढरं कापड खांद्यावर टाकायचा आणि खडकांपासून नदीच्या मुखापर्यंत सात मैल पाण्याच्या कडेने चालायचा. सत्तावीस वर्षांत त्याला चार जण सापडले. दोन हजार तेरामध्ये, तो जाण्याच्या आदल्या वर्षी, मी त्याला तसा जाताना पाहिलं. पाठ वाकली होती, बूट नव्हते, चष्म्यावर खारं पाणी वाळलं होतं. मी रस्त्यावरून हाक मारली. त्याने हात वर केला. नजर पाण्यावरच होती.