शिंपीकाकांच्या पाच चुळा

मित्रांनो, बेसिनच्या कडेवर तो पोचे पडलेला स्टीलचा पेला दिसतो ना, तोच मी. कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा ठोका बसला आणि माझा जन्म झाला. तेव्हा मी लखलखीत होतो. मग शिंपीकाकांच्या घरी आलो आणि माझं नशीब फुटलं.

काका कापडाच्या मापाचे पक्के. अकलेचं माप मात्र आखूड. फ्लोराइडची भारीतली टूथपेस्ट आणायची, दोन मिनिटं दात घासायचे आणि मग मला काठोकाठ भरून खळखळून पाच चुळा टाकायच्या, हा त्यांचा नेम. वर ऐटीत म्हणायचे, "हा पेला आहे म्हणून तोंड स्वच्छ होतं!" मीही मूर्ख. त्या कौतुकाने फुगून जायचो.

एके वर्षी त्यांची एक दाढ काढावी लागली. पाठोपाठ दुसरी ठणकू लागली. "पेस्टच भिकार आहे," काका गाल धरून म्हणाले. त्यांचं स्वतःचं कधी काही चुकलंय का!

त्यांच्या सूनबाई प्रयोगशाळेत कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, पेस्टला नावं नंतर ठेवा. आधी या बाटल्यांत थुंका."

"सासऱ्याला थुंकायला लावतेस? काय दिवस आले!"

कुरकुरत का होईना, काका थुंकले. एका सकाळी चुळा भरून, दुसऱ्या सकाळी न भरता. दात घासल्यावर लगेच आणि पुन्हा अर्ध्या तासाने. संध्याकाळी सूनबाई निकाल घेऊन आल्या.

"चुळा भरल्या नाहीत, त्या दिवशी अर्ध्या तासानेही लाळेत फ्लोराइड टिकून होतं. भरल्यात, त्या दिवशी सुरुवातीलाच अगदी थोडं उरलं. कीड लागू नये म्हणून दातांना तेच तर हवं असतं."

"म्हणजे मी इतकी वर्षं..."

"गटाराचे दात मजबूत करत होतात, बाबा."

मी शरमेने गार पडलो. ते सगळं वाहून नेणारं पाणी माझ्याच पोटातून गेलं होतं. काकांना मात्र शरम कसली! त्यानंतरही तीन दिवस ते चोरून चुळा भरत राहिले. चौथ्या दिवशी दुकानात दातांनी दोरा तोडताना अशी कळ आली की गिऱ्हाइकासमोरच ते मटकन खाली बसले. डॉक्टरांनी कीड कोरून दाढ भरली. "थोडक्यात वाचली," ते म्हणाले. "घासून झालं की नुसतं थुंका. पाणी नको."

त्या दिवसापासून काकांनी मला हात लावला नाही. दाढ अजून शाबूत आहे. आता काका दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, "घासल्यावर चुळा भरायच्या नसतात, एवढंही कळत नाही? मी स्वतः शोधून काढलंय!" सूनबाई ऐकतात आणि कपाळावर हात मारून घेतात.

मित्रांनो, पेस्ट गिळू नका, नीट थुंकून टाका. पण लगेच पाण्यामागे धावू नका. माझ्यावर धूळ साचलीय म्हणून हळहळू तर मुळीच नका. ही धूळ म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली समाजसेवा आहे.