दुसऱ्या बेसवरचा पाय

चेंडू डेलमारच्या दोन पायांमधून निघून गेला आणि अख्खं मैदान त्याच्या नावानं शिमगा करायला लागलं. बेसबॉलचा शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचा एकच गडी बाद व्हायचा राहिलेला. अशा वेळी शॉर्टस्टॉपनं, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली वाट राखणाऱ्यानं, शेंबडं पोरही अडवेल असा चेंडू सोडला. तो मारणारा हॅडली धावत दुसऱ्या बेसवर, पाय टेकलेला असेपर्यंत बाद करता येत नाही अशा ठाण्यावर, जाऊन ऐटीत उभा राहिला.

डेलमार स्टिडम केंटकीच्या कोळसा खाणींतला. आमच्या नेहमीच्या शॉर्टस्टॉपचं बोट मोडलं म्हणून छोट्या लीगमधून उसना आणलेला. ते बोट आता बरं झालं होतं आणि उद्या सकाळी डेलमारची रवानगी ठरलेली होती. मोठ्या लीगमध्ये त्याच्या नावावर मागे राहणार होती ती ही एवढी चूक.

बाहेरून चेंडू परत त्याच्याकडे आला. तो घेऊन डेलमार माझ्याकडे चालत आला. मी पिचर, मधल्या उंचवट्यावरून चेंडू टाकणारा. मी तोंड सोडणार एवढ्यात त्यानं माझ्या हातमोज्यावर थाप मारली. चेंडू मात्र स्वतःच्याच हातमोज्यात ठेवला.

"शिव्या घाल मला, मोठ्यानं. पण उंचवट्यावर चढू नकोस."

चेंडू नसताना पिचर उंचवट्यावर चढला, तर पंच आम्हालाच दंड करतो. चेंडू लपवायची ही असली चलाखी आमच्याकडे शाळकरी पोरं करतात. हॅडलीसारखा मुरलेला माणूस तिला फसेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. शिव्या मात्र मी मनापासून घातल्या आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलो.

"काय रे खाणवाल्या," हॅडली म्हणाला, "उद्यापासून परत कोळसा फोडायचा का?"

"हो दादा. जाताना तुमची सही द्याल का? आई विचारेल."

हॅडली हसला आणि हसत हसत बेसवरून पुढे सरकला. डेलमारनं त्याच्या कमरेला चेंडू टेकवला, अगदी हलकेच. पाय बेसवर नाही आणि अंगाला चेंडू टेकला, म्हणजे बाद; पंचाचा अंगठा वर गेला. सामना आम्ही जिंकला होता. मी धावत जाऊन डेलमारला उचलूनच घेतलं. इतका आनंद मला पुढे कधीच झाला नाही.

सकाळी तो पेटी घेऊन मैदानाच्या कडेनं निघाला. हॅडलीचा संघ सराव करत होता. डेलमारला पाहताच हॅडलीनं दुसऱ्या बेसवर पाय रोवला.

"पळ की हॅडली," त्यांचा कोच ओरडला.

"थांबा जरा. आधी तो जाऊ दे."

डेलमार सावकाश चालत गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत हॅडलीनं पाय उचलला नाही.