टेबलावरचा लाल जॅक

गाडी उचलायचा जॅक मी साहेबांच्या टेबलावर आडवा टाकला. टेबलाची काच तडकली. तडकू दे.

“ग्लेनिस, डोकं फिरलंय का तुझं?”

“हो, फिरलंय. हा तुम्हीच निवडलात ना? कॅटलॉगमधला फोटो बघून?”

बावीस वर्षं मी या वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांवर नर्सचं काम करतेय. गेल्या वर्षी दवाखान्याची गाडी चार इंच उंच करून घेतली, टायर मोठे घातले. गाडीबरोबर आलेला जॅक त्या दिवसापासून पुरेना. मी साहेबांना तीन पत्रं लिहिली. आसाखाली बसेल असा दणकट जॅक द्या, जास्त वर उचलणारा, आणि वाळूत रुतू नये म्हणून खाली ठेवायला रुंद पत्रा द्या. साहेबांनी पाठवला हा लालभडक, माझ्या खांद्याएवढा. तो बंपरला लावायचा, आणि आमचा बंपर प्लास्टिकचा. दाराखालच्या पट्टीला लावावा तर गाडीचं धूड वर जातं, स्प्रिंगा लांबत जातात आणि चाक आपलं जमिनीवरच.

मंगळवारी सकाळी टायर फुटला. गाडीत ऑक्सिजन होता, आणि चाळीस किलोमीटरवरच्या वस्तीत डल्सी मावशीचा नवरा श्वासासाठी तडफडत होता. रेडिओवर मावशी सांगत होती, “सिस्टर, तो बसून आहे. तुझीच वाट बघतोय.” लाल जॅक दोनदा सटकला. दुसऱ्यांदा त्याचा दांडा माझ्या जबड्याजवळून सणसणत गेला. शेवटी जुनाच जॅक आसाखाली टेकवला आणि डब्याच्या झाकणाने चाकाखालची वाळू उपसत बसले. तीन तास गेले. पोचले तेव्हा मावशीने त्याच्या तोंडावर चादर ओढली होती.

“तो तसाही वाचला नसता,” साहेब म्हणाले.

“हे ठरवणारे तुम्ही कोण?”

माझ्याबरोबर येऊन बाहेर बाकावर बसलेली मावशी आवाज ऐकून आत आली. साहेबांनी चेहरा पाडला, हात पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं. मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिच्या गेलेल्या म्हाताऱ्याचंही तेच नाव होतं. गेलेल्या माणसाचं नाव तिची माणसं वर्षानुवर्षं उच्चारत नाहीत. त्याच नावाचा कोणी जिवंत असेल तर त्याला नुसतं ‘कुमन्जायी’ म्हणतात. मीही ते नाव इथे लिहिणार नाही.

“ते नाव आता तुला नाही, कुमन्जायी,” मावशी भिंतीकडे बघतच म्हणाली. “आमच्याकडे आलास तर तुला अशीच हाक मारू. आणि जॅक कुठला हवाय ते सिस्टरला विचार. वाळूत ती बसते, तू नाही.”

साहेबांनी टेबलावरची आपल्या नावाची पाटी पालथी घातली आणि कागद पुढे ओढला.

“उंची किती लागेल, सिस्टर?”

“पत्रात लिहिलीय,” मी म्हणाले. “तिन्ही पत्रांत.”